एडीएचडीची औषधं: चिठ्ठीपासून शाळेच्या डब्यापर्यंत

"वैनी, ती लक्ष लागायची गोळी आहे काय तुमच्याकडं?"

बेळगावात शहापूर भागातल्या एका औषध दुकानात मी अकरा वर्षं काउंटरला उभी होते. परीक्षेचे दिवस आले की हा प्रश्न हमखास यायचा, आणि विचारणारा आवाज खाली आणूनच विचारायचा. मी "डॉक्टरांची चिठ्ठी?" म्हटलं की माणूस पायरी उतरून चालता व्हायचा. पुढं माझ्याच मुलाला आठव्या वर्षी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं, अति चंचलपणा आणि उतावळेपणा असलेल्या मेंदूच्या विकाराचं, निदान झालं आणि हीच औषधं काउंटरच्या दुसऱ्या बाजूनं बघायची पाळी आली. फार्मसीचा डिप्लोमा तिथं निम्माच उपयोगी पडला. उरलेलं निम्मं मी चुका करत शिकले. त्यातली एक चूक पुढं सांगणार आहे, जी सांगताना अजून लाज वाटते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या बाजूच्या मराठी घरांत ज्यांच्या मुलाचं निदान झालंय किंवा होऊ घातलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. गोळी कुठली आणि किती, ते डॉक्टरच ठरवणार. पण डॉक्टरांसमोर आपल्याला मिळतात दहा मिनिटं, आणि त्यात काय विचारायचं हे घरून ठरवून गेलेलं बरं. "सगळ्यात चांगली गोळी कुठली?" या प्रश्नानं त्यातली पाच मिनिटं वाया जातात. कामाचा प्रश्न वेगळा आहे: माझं मूल दिवसाच्या कुठल्या तासांना अडकतं? त्याचं उत्तर हातात असलं की औषधाची निवड बरीच सोपी होते.

गोळीच्या आधी: हे एडीएचडीच आहे का

मूल वांड आहे, एवढ्यावर निदान होत नाही. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात, निदान सहा महिने टिकलेली असावी लागतात, आणि घर, शाळा, शिकवणी अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. फक्त शाळेत त्रास आणि घरी, अंगणात, आजोळी सगळं सुरळीत असेल, तर आधी शाळेकडं बघायचं.

आपल्या भागात तर हे जास्तच बघायला हवं. घरात मराठी, गल्लीत मराठी-कन्नड मिसळलेलं, आणि पहिलीपासून शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची. बाई काय बोलतात तेच ज्याला पुरतं कळत नाही, ते मूल खिडकीबाहेर बघणार, शेजारच्याला कोपर मारणार, वही अर्धी सोडणार. लांबून बघितलं तर हे थेट एडीएचडीसारखं दिसतं. म्हणून डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा: घरची भाषा कुठली, शाळेची कुठली, मध्येच माध्यम बदललं का. मराठीत गोष्ट सांगितली तर मूल शेवटपर्यंत ऐकतं का, हेही घरी तपासून जा. आमच्याकडं हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, मीच सांगितला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली.

बाकीच्या गोष्टी तपासायला फार वेळ लागत नाही. कान आणि डोळे तपासून घ्या. रात्री मूल घोरतं का, तोंड उघडं ठेवून झोपतं का, ते बघा. ॲडेनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढलेल्या मुलाची झोप मोडते आणि दिवसा ते चिडचिडं, अस्थिर होतं. मध्येच काही सेकंद एकटक बघत गोठल्यासारखं होत असेल तर तो फिटचा एक प्रकार असू शकतो, ते वेगळं सांगा. रक्तक्षय आणि थायरॉइड डॉक्टर गरजेप्रमाणे बघतील. वाचन-लेखनाची अक्षमता अनेकदा एडीएचडीच्या जोडीनं येते, आणि तिच्यावर गोळी नाही, तिला वेगळं शिकवणंच लागतं. इथं कागदाचाही एक फरक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' या नावानं यादीत आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. दहावीला सवलतीचा कागद पुढं लागणार असेल तर ही तपासणी लवकर करून ठेवा.

कुणाकडं जायचं

मनोविकारतज्ज्ञ, त्यातही मुलांचं काम करणारे मिळाले तर उत्तम. किंवा मुलांच्या वाढीचं काम बघणारे बालरोगतज्ज्ञ. बेळगावात सिव्हिल हॉस्पिटल, म्हणजे बिम्स या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं सरकारी रुग्णालय, आणि केएलईचं रुग्णालय, दोन्हीकडं मानसोपचार विभाग आहेत. धारवाडचं डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था लाल गाडीनं दोनेक तासांवर. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर बेंगळुरूच्या निमहान्समध्ये मुलांचा स्वतंत्र विभाग आहे. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं आणि तिथं मराठीत बोलता येतं, हा मोठा फायदा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर ठरलेल्या दिवशी येतात, कर्नाटकात त्याला 'मनोचैतन्य' म्हणतात. दिवस कुठला ते आधी विचारून मगच रजा टाका. कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोन सेवेचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, आणि मराठीत बोलायचं असं सांगता येतं.

वही

डॉक्टरांकडं जायच्या आधी दोन आठवडे एक साधी शंभर पानी वही घाला. निबंध लिहायचा नाही. दिवसाचे पाच तुकडे करा: उठून शाळेला निघेपर्यंत, जेवणाच्या सुट्टीपर्यंतची शाळा, सुट्टीनंतरची शाळा, घरचा अभ्यास, आणि झोपायची वेळ. प्रत्येक तुकड्यापुढं एक ओळ. "दप्तर भरायला चाळीस मिनिटं, बूट तीनदा विसरला." "बाई म्हणाल्या, गणित अर्धवट." "रात्री पावणेबारापर्यंत जागा." शनिवार-रविवारही लिहा. झोप, जेवण आणि वजन यांची नोंद आत्ताच करा, गोळी सुरू झाल्यावर "हा आधीपासूनच कमी खातो का?" असं डॉक्टर विचारतात तेव्हा कुणालाच आठवत नाही.

शाळेतल्या बाईंकडूनही चार ओळी घ्या. डॉक्टर बहुतेक वेळा पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी वेगवेगळे प्रश्नतक्ते देतात, व्हँडरबिल्ट किंवा कॉनर्स नावाचे. ते इंग्रजीत असतात. मराठी शाळेतल्या बाईंना ते भरायला अवघड वाटत असेल तर सरळ बसून एकेक प्रश्न मराठीत सांगून भरून घ्या. अंदाजे टिकमार्क केलेला तक्ता नसलेला बरा.

औषधं: चुलीची फुंकणी आणि पाण्याचा बंब

एडीएचडीची औषधं मोठ्या दोन घरात मोडतात. एक उत्तेजक, दुसरं अनुत्तेजक. 'उत्तेजक' शब्द ऐकून पालक दचकतात: आधीच उड्या मारणाऱ्या पोराला आणखी उत्तेजन? पण उत्तेजन मिळतं ते मेंदूतल्या लगाम ओढणाऱ्या भागाला. त्या भागात डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन ही रसायनं थोडी जास्त वेळ हाताशी राहतात, आणि मूल "थांब, आधी हे संपव" असं स्वतःलाच सांगू शकतं.

मेथिलफेनिडेट. भारतात उत्तेजक म्हणून व्यवहारात हेच. अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या तोंडून ऐकलेली ॲडेरॉल, व्हायव्हान्स ही ॲम्फेटामिन गटातली औषधं आपल्या दुकानांत मिळत नाहीत. ती शोधत फिरू नका, परदेशातून कुणाकडून मागवू तर मुळीच नका. मेथिलफेनिडेट हे काही नवं खूळ नाही. १९४४ साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञानं ते बनवलं, आणि बायको मार्गरिट, लाडानं रीटा, हिच्या नावावरून 'रिटालिन' हे नाव पडलं. आपल्याकडं ॲडवाइज, इन्स्पायरल अशा नावांनी येतं.

ही चुलीची फुंकणी आहे. फुंकाल तोवर जाळ. साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात काम सुरू करते आणि तीन-चार तासांत उतरते. उतरली की उतरली. उद्यासाठी काही शिल्लक राहत नाही. लांब पल्ल्याची, म्हणजे एसआर, ईआर, ओडी अशी अक्षरं लावलेली गोळी प्रकाराप्रमाणे सहा-आठ तासांपासून बारा तासांपर्यंत चालते. वही इथं कामाला येते. सरकारी मराठी शाळा साधारण दहा ते साडेचार. मुलाचा त्रास फक्त सकाळच्या तासांना असेल तर साध्या गोळीवर भागू शकतं. दिवसभर आणि वर संध्याकाळच्या अभ्यासालाही असेल तर लांब पल्ल्याची लागते, नाहीतर दुपारी साधी गोळी पुन्हा द्यावी लागते, आणि ती शाळेत कोण देणार हा प्रश्न उभा राहतो.

मात्रा कमीतून वर नेतात. सहा वर्षांवरच्या मुलाला साधी गोळी बहुधा ५ मिलिग्रॅमवर सुरू होते, दिवसातून एकदा किंवा दोनदा, आणि आठवड्या-आठवड्यानं ५ ते १० मिलिग्रॅमनं वाढते. दिवसाची सर्वसाधारण कमाल मर्यादा ६० मिलिग्रॅम. वजन पाहून एका झटक्यात ठरवायची ही मात्रा नाही. थोराड पोराला दहा पुरतात आणि काटकुळ्याला तीस लागतात, असं होतं. म्हणून शेजारच्याच्या मुलाला किती, हे विचारण्यात अर्थ नाही. शंभरातल्या साधारण सत्तर मुलांना उत्तेजकाचा स्पष्ट फायदा होतो. उरलेल्यांसाठी पुढची औषधं आहेत.

आता ती चूक. माझ्या मुलाला गोळी गिळता येईना. अकरा वर्षं लोकांना "ऊटा आद मेले", जेवणानंतर घ्या, असं कन्नडमधून बजावत आलेल्या मी, लांब पल्ल्याची गोळी वरवंट्यानं कुस्करली आणि कुंद्यात कालवून भरवली. बारा तासांचं औषध पहिल्या तासाभरात पोटात मोकळं झालं. सकाळी साडेनऊला पोरगा घामाघूम, छाती धडधडतेय, हात थरथरतायत. आणि दुपारी जेवणानंतर पुन्हा पहिल्यासारखा. दिवसभर मी त्याच्या नाडीवर बोटं ठेवून बसले होते. लांब पल्ल्याची गोळी चावायची नाही, मोडायची नाही, कुटायची नाही. मोडता येणारी कुठली, कॅप्सूल उघडून दाणे शिंपडून देता येणारी कुठली, हे प्रत्येक ब्रँडला वेगळं आहे, दुकानात विचारून घ्या. काही लांब पल्ल्याच्या गोळ्यांचं टरफल शौचातून अख्खं बाहेर पडतं. ते बघून "औषध लागलंच नाही" म्हणून दुसरी गोळी देऊ नका. गिळायची सवय आम्ही नंतर लावली: आधी साखरेचा दाणा, मग बडीशेपेची छोटी गोळी, मग तिच्याहून मोठी. नऊ दिवस लागले.

अटोमोक्सेटिन. हे अनुत्तेजक, २००२ पासून वापरात. आपल्याकडं ॲटेन्ट्रॉल, ॲक्सेप्टा अशी नावं. याला मी पाण्याचा बंब म्हणते: पेटवल्याबरोबर गरम पाणी येत नाही, पण एकदा तापलं की दिवसभर पुरतं. पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त. रोज घ्यावं लागतं, सुट्टीच्या दिवशीही. सत्तर किलोच्या आतल्या मुलांत सुरुवात वजनाच्या किलोमागं साधारण अर्ध्या मिलिग्रॅमनं, आणि पुढं किलोमागं १.२ मिलिग्रॅमपर्यंत. "पंधरा दिवस दिलं, फरक नाही, बंद केलं" असं म्हणणारे कितीतरी पालक मी काउंटरवर बघितले. बंब तापायच्या आधीच त्यांनी लाकडं ओढून घेतली.

मग हे कुणासाठी? उत्तेजक सोसत नाही, टिक्स (डोळे मिचकावणं, मान उडवणं असे आपोआप होणारे झटके) किंवा चिंता बळावते, घरात कुणाला व्यसन आहे आणि गोळ्या पळवल्या जाण्याची भीती आहे, किंवा दिवसाचे सगळेच तास, अगदी उठल्यापासून, अवघड आहेत. आणखी एक कारण पुस्तकात कमी आणि आपल्याकडं जास्त असतं: मेथिलफेनिडेट ठेवणारं दुकान गावात नाही. हे कारण डॉक्टरांना सांगायला लाजू नका. मध्येच तुटणाऱ्या औषधापेक्षा नेमानं मिळणारं औषध बरं.

त्रास म्हणाल तर मळमळ, पोटदुखी नेहमीची. उपाशीपोटी देऊ नका. कॅप्सूल उघडायची नाही, आतली भुकटी डोळ्याला लागली तर चुरचुरते. लघवी गडद, डोळे पिवळे, उजव्या बरगडीखाली दुखणं असं काही दिसलं तर यकृताचा त्रास असू शकतो. तो क्वचित होतो, पण त्याच दिवशी दवाखाना गाठा. सुरुवातीच्या महिन्यांत आणि मात्रा बदलताना काही मुलांच्या मनात जीव नकोसा वाटण्याचे विचार येऊ शकतात, हा इशारा या औषधावर ठळकपणे छापलेला असतो. मूल अचानक गप्प, रडवेलं, खुनशी झालं तर "वयच तसं आहे" म्हणून सोडून देऊ नका. फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं चालू असतील तर अटोमोक्सेटिनचं शरीरातलं प्रमाण वाढतं, त्यामुळं सगळ्या जुन्या चिठ्ठ्या सोबत न्या. दम्याची नेब्युलायझरची औषधं चालू असतील तर तेही सांगा.

क्लोनिडिन हे मुळात रक्तदाबाचं औषध. बारीकशी गोळी, झोप आणणारी. झोपच न येणारी, टिक्स असलेली, रागानं फुटणारी मुलं असतील तर डॉक्टर ते रात्री अगदी कमी मात्रेत देतात, कधी उत्तेजकाच्या जोडीनं. त्याची एकच गोष्ट पाठ करा: अचानक बंद करायचं नाही. गोळ्या संपल्या, दुकान बंद, दोन दिवस चुकले, असं झालं तर रक्तदाब उसळी मारू शकतो. जत्रेला, लग्नाला जाताना ही गोळी आधी पिशवीत टाका.

ब्युप्रोपिऑन हे नैराश्यावरचं औषध मोठ्यांसाठी कधीकधी वापरतात, फिट येणाऱ्याला ते चालत नाही. ब्राह्मी, शंखपुष्पी, बदामाचं चूर्ण यांवर माझा राग नाही, पण या औषधांची जागा ती घेऊ शकतील असा भक्कम पुरावा नाही. आणि लेबल नसलेली "बुद्धीची पुडी" कुणी देत असेल तर ती पोराच्या तोंडात घालू नका. आत काय आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

चिठ्ठी आणि दुकान

सीमाभागातले पालक सगळ्यात जास्त हेलपाटे इथं घालतात, म्हणून जरा खोलात सांगते. मेथिलफेनिडेट हे औषध कायद्याच्या 'शेड्यूल एक्स'मध्ये येतं आणि अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातही त्याची नोंद आहे. पाकिटावर लाल अक्षरांत 'एक्स-आर-एक्स' अशी खूण असते. ते विकायला दुकानाला वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. कोपऱ्यावरचा दुकानदार "नाही" म्हणतो तेव्हा तो उर्मट नसतो, त्याच्याकडं परवाना नसतो. अटोमोक्सेटिन आणि क्लोनिडिनला ही कुलपाची भानगड नाही, चिठ्ठी मात्र लागतेच.

म्हणून दवाखान्यातून उठायच्या आधी चिठ्ठी हातात घेऊन उभ्या उभ्या वाचा: दोन प्रती आहेत का, तारीख, मुलाचं पूर्ण नाव, वय, पत्ता, मात्रा आणि एकूण गोळ्यांची संख्या, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक. आम्हाला एकदा एकच प्रत मिळाली होती. ती माझ्या लक्षात आली बसस्टँडवर, गाडी सुटल्यावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच प्रवास. हे औषध आपल्याकडच्या कुठल्या दुकानात मिळेल, हेही डॉक्टरांनाच विचारा. त्यांना माहीत असतं. दवाखान्याच्या आवारातल्या दुकानात मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

व्हिडिओवर बोलून गोळी लिहून मिळेल का? मेथिलफेनिडेट नाही. टेलिमेडिसिनच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत शेड्यूल एक्सची औषधं अशा पद्धतीनं लिहून द्यायला मनाई आहे. समोर जावंच लागतं. कोल्हापूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी बेळगावात चालते, नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीला राज्याची वेस नाही. पण दुकानदार अनोळखी सही बघून कचरतो, तेव्हा आधी फोन करून जा आणि शक्यतो दरवेळी एकाच दुकानात जा. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्यांआधी दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढची भेट ठरवा.

पहिली गोळी देण्याआधी

उंची, वजन, नाडी, रक्तदाब. हे चार आकडे चिठ्ठीच्या मागं लिहून घ्या. मुलाला धावताना चक्कर किंवा बेशुद्धी, हृदयाचा जादा आवाज (मर्मर), किंवा घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं, असं काही असेल तर न विचारता सांगा. मग ईसीजी किंवा हृदयतज्ज्ञ लागतील. सरसकट प्रत्येकाला ईसीजी लागतोच असं नाही. काचबिंदू, फिट, आधीचा मानसिक आजार, घरात कुणाला बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी असा आजार), हेही सांगा. सर्दीच्या काही सिरपांत नाडी आणि रक्तदाब वाढवणारं औषध असतं, ते गोळीच्या जोडीनं मनानं देऊ नका. चार ते पाच वर्षांच्या मुलाला आधी पालकांचं प्रशिक्षण आणि वर्तन-उपचार, गोळी नंतर, हा क्रम उलटा होत असेल तर "का?" असं विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

पहिली गोळी शनिवारी द्या. शाळेच्या दिवशी मूल काय करतंय ते आपल्याला दिसत नाही. घरी असलं की चढते कधी, उतरते कधी, ते घड्याळ लावून वहीत टिपता येतं.

पहिला महिना: काय बघायचं

भूक मरते. दुपारी तर हमखास. शाळेत बिसिऊट, म्हणजे दुपारचं गरम जेवण, वाढलेलं, आणि आपलं पोर ताटात बोट फिरवत बसलेलं. दुपारच्या ताटावरून भांडू नका. गोळीच्या आधी सकाळीच भरपेट घाला: तुपातलं उप्पीट, थालीपीठ-लोणी, अंडं, दुधात केळं. संध्याकाळी गोळी उतरली की भूक जोरात येते. त्या वेळी बिस्किटाचा पुडा पुढं न करता सरळ जेवण वाढा, आणि झोपायच्या आधी शेंगदाण्याचा लाडू, दूध. आमच्याकडं रात्रीचं जेवण दोनदा होतं. सासूबाईंना आधी ते विचित्र वाटलं, आता त्याच साडेनऊला भाकरी कुस्करून ठेवतात.

झोप लांबली तर आधी गोळीची वेळ बघा. दुसरी गोळी चारला देत असाल तर रात्रीचे बारा होणारच. चहा बंद करा. आपल्याकडं पोरांना सर्रास बशीतून चहा मिळतो, आणि चहा नि ही गोळी मिळून हात थरथरतात.

गोळी उतरताना तासभर मूल चिडचिडं, रडकं होतं. त्या तासाला गृहपाठ काढू नका. सायकल द्या हातात. हे रोजच आणि जोरात होत असेल तर डॉक्टर वेळ किंवा प्रकार बदलतात.

डोकं दुखणं, पोटात दुखणं बहुधा पहिल्या पंधरवड्यात निवळतं. पण एक गोष्ट शेजारपाजारी "सुधारला हो!" म्हणून कौतुक करतात तेव्हाही बघत राहायची: मूल दगडासारखं झालंय का? आमच्या सासूबाईच पहिल्यांदा म्हणाल्या, "असा गप्प का बसूलालाय हा?" खोड्या गेल्या होत्या, पण हसूही गेलं होतं. मात्रा जास्त झाली होती. एक पायरी खाली आणली आणि पोरगा परत आला. शांत मूल हे उद्दिष्ट ठेवलं तर हा त्रास कुणाला दिसतच नाही.

छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, नसलेलं दिसणं-ऐकू येणं, खूप वेळ न उतरणारा आणि दुखणारा लिंगाचा ताठरपणा, मरणाच्या गोष्टी: यांतलं काहीही झालं तर पुढची गोळी देऊ नका आणि पुढच्या भेटीची वाट न बघता दवाखान्यात जा. क्लोनिडिन चालू असेल तर तेवढं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

मात्रा बसल्यावरही वजन दर तीन महिन्यांनी, उंची, नाडी आणि रक्तदाब निदान सहा महिन्यांनी. उत्तेजकानं उंचीची वाढ थोडी मंदावू शकते, काही मुलांत एक-दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं खुणा करायची आपली जुनी पद्धत इथं सोन्यासारखी उपयोगी पडते.

शाळा, पाहुणे आणि कुलूप

बाईंना सांगायचं की नाही? मी सांगितलं. दुपारची गोळी शाळेत द्यायची असेल तर सांगावंच लागतं, आणि ती दप्तरात ठेवायची नाही; रोजची एकच गोळी, नाव घातलेल्या डबीत, बाईंच्या हातात. बाईंना एक विनंतीही करा: वर्गासमोर "आज गोळी घेतली नाहीस वाटतं?" असं कधीच म्हणू नका. या एका वाक्यामुळं चौथीतल्या पोरानं गोळी जिभेखाली लपवून मोरीत थुंकायला सुरुवात केली, असं मी जवळून पाहिलंय.

घरी गोळ्या कुलपात आणि मोजून. "व्यसन लागेल का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू यायचा. सांगितलेल्या मात्रेत, तोंडानं, देखरेखीखाली घेतल्यावर मुलांना सहसा व्यसन लागत नाही असाच अनुभव आणि अभ्यास सांगतो. धोका आहे तो कॉलेजात जाणाऱ्या चुलतभावाचा, परीक्षेच्या आदल्या रात्री "मला एक दे रे" म्हणणाऱ्याचा. एक गोळी देणंही कायद्यानं गुन्हा आहे. प्रवासात गोळ्या मूळ पाकिटातच, चिठ्ठीसकट.

आणि गोळीनं काय होत नाही तेही. ती पाढे शिकवत नाही, दप्तर भरत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, १९९९ साली निष्कर्ष छापून आले, ५७९ मुलांना चौदा महिने चार वेगवेगळ्या प्रकारे उपचार दिले. मुख्य लक्षणं नीट बसवलेल्या औषधानं सगळ्यात जास्त कमी झाली, पण औषधाबरोबर घर आणि शाळेतलं काम जोडलेल्या गटात कमी मात्रेवर भागलं. घरातलं काम म्हणजे साधंच: एका वेळी एकच सूचना, दारावर चित्रांची यादी, अभ्यासाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे, आणि झालेल्या कामाचं लगेच कौतुक. मेथिलफेनिडेट चालू असलेले तासच या कामाला वापरा. फुंकणी चालू आहे तोवरच भाकऱ्या भाजून घ्यायच्या.

मुलाची वही लिहिता लिहिता काही बापांना आपलंच लहानपण दिसतं. माझ्या नवऱ्याला दिसलं. मोठेपणीही निदान होतं आणि औषधं बहुतेक हीच. फक्त मोठ्यांत रक्तदाब, हृदय, दारू-तंबाखू आणि बायकांत गर्भारपण यांचा विचार आधी होतो.

बंद कधी करायचं

मनानं नाही, आणि कायमचंही धरून नाही. वर्षातून एकदा डॉक्टरांशी बोलून "अजून लागतंय का?" हे तपासायचं. मेथिलफेनिडेट काही दिवस थांबवून बघता येतं. सुट्टीत भूक आणि वजन भरून यावं म्हणूनही काही डॉक्टर थांबवतात. अटोमोक्सेटिन मध्येच सोडून सोडून घेण्यात अर्थ नाही, आणि क्लोनिडिन हळूहळूच उतरवायचं.

ही तपासणी मे महिन्यात आजोळी करू नका. तिथं आंब्याखाली कुणालाच एडीएचडी नसतो. जूनचा पहिला पंधरवडाही नको, नवा वर्ग, नव्या बाई, काही कळत नाही. परीक्षेच्या तोंडावर तर नकोच. आम्ही दसऱ्याची सुट्टी संपून शाळा रुळल्यावरचे दोन आठवडे धरतो. बाईंना फक्त "लक्ष ठेवा" एवढंच सांगते, गोळी थांबवलीय हे सांगत नाही. पंधरा दिवसांनी त्यांच्या चार ओळी घेते, वहीत चिकटवते, आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून डॉक्टरांसमोर बसते. गेल्या वर्षी गोळी चालू ठेवायची ठरली, पण दुपारची बंद झाली. या वर्षीची वही परवाच आणलीय.